दूतावासांची सोशल मीडिया खाती मराठवाड्यातून वाचताना: कामाचे किती, दिखाव्याचे किती

परदेशातल्या भारतीय दूतावासांची आणि भारतातल्या परकीय दूतावासांची एक्स, फेसबुक, इन्स्टाग्रामवरची खाती आता पासपोर्टच्या खिडकीइतकीच महत्त्वाची सेवा झाली आहेत. परभणीकडून सौदीला गेलेला शटरिंग मिस्त्री असो, उदगीरहून किरगिझस्तानला एमबीबीएसला गेलेली मुलगी असो, की वाळूजला नोकरी करता करता जर्मन शिकणारा डिप्लोमावाला असो, यांच्या घरच्यांनी दूतावासाची इमारत कधी पाहिलेली नसते. त्यांच्यासाठी दूतावास म्हणजे मोबाइलवरचे ते एक खाते. म्हणून त्याची पारखही सेवेसारखीच व्हायला हवी. गरजेच्या वेळी खरी आणि ताजी माहिती मिळते का? लिहिले तर कोणी उत्तर देते का? बाकी फोटो किती सुंदर आहेत हा पुढचा प्रश्न.

निकाल आधीच सांगून टाकतो. संकटकाळात भारतीय दूतावासांची खाती भरवशाची असतात. पगार, इकामा (सौदीत राहण्याचा परवाना), पासपोर्ट या रोजच्या तक्रारींत ती अर्ध्या वाटेपर्यंत नेतात, पुढची वाट आपल्यालाच माहीत असावी लागते. मराठीच्या बाबतीत ती नापास आहेत. परकीय दूतावासांत नियम सांगण्यात अमेरिकेचे खाते सर्वांत रोखठोक आहे, मन जिंकण्यात जपानचे, आणि जर्मनीचे खाते तयारी करणाऱ्याला सर्वांत उपयोगी.

भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने जनराजनयासाठी, म्हणजे लोकांशी थेट संवाद साधायला, वेगळा विभाग २००६ साली काढला आणि ट्विटरवर पाऊल ठेवले ते २०१० मध्ये. हेतू भारताची बाजू जगाला सांगणे हा होता. पण २०११ मध्ये लिबियातून भारतीयांना बाहेर काढताना तेच खाते अडकलेल्यांचा ठावठिकाणा मिळवायला वापरले गेले आणि त्याचे रूपच बदलले. पुढे सुषमा स्वराज परराष्ट्रमंत्री असताना थेट ट्वीट करून मदत मागायची सवय लोकांना लागली. आजही एकाच खात्यावर प्रचार आणि मदत अशा दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी चालतात आणि निम्मा गोंधळ तिथूनच होतो. योगदिनाच्या वीस फोटोंखाली एक हेल्पलाइन क्रमांक दबून जातो.

संकटातली कामगिरी

चांगली पोस्ट कशी असते हे पाहायचे तर रशिया-युक्रेन युद्धातली २ मार्च २०२२ ची खारकिव्हची सूचना बघावी. आदल्या दिवशी तिथे एका भारतीय विद्यार्थ्याचा मृत्यू झाला होता. कीव्हच्या भारतीय दूतावासाने लिहिले की सर्व भारतीयांनी खारकिव्ह ताबडतोब सोडावे आणि पेसोचिन, बाबाये किंवा बेझल्युदोव्का गाठावे, कुठल्याही परिस्थितीत युक्रेनच्या वेळेनुसार संध्याकाळी सहाच्या आत. थोड्या वेळाने दुसरी पोस्ट आली: ज्यांना गाडी किंवा बस मिळत नाही त्यांनी पायी निघावे, आणि तिन्ही ठिकाणांची अंतरे दिली, ११, १२ आणि १६ किलोमीटर. कुणी, कुठे, कधीपर्यंत, कसे, वाहन नसेल तर काय, सगळे त्यात होते. वेळ कुठल्या देशाची हेही लिहिले होते. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजणार होते. लातूर किंवा नांदेडमध्ये बसलेल्या पालकाने "संध्याकाळी सहा" एवढेच वाचून मुलाला फोनवर घाई केली असती तर साडेतीन तासांचा घोळ झाला असता.

त्याच दूतावासाची १५ फेब्रुवारीची सूचना मात्र कमी पडली. ज्यांचे राहणे आवश्यक नाही अशा भारतीयांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरते बाहेर पडण्याचा विचार करावा, असे तिचे म्हणणे होते. विद्यापीठांचे वर्ग प्रत्यक्ष चालू होते, हजेरी कापली जाण्याची भीती होती, विमानाची तिकिटे महागली होती. अशा वेळी निर्णय वीस वर्षांच्या मुलावर सोडला की तो थांबतो, आणि बरेच थांबले. त्या सूचनेसोबत विद्यापीठांशी हजेरीबद्दल काय बोलणे झाले आणि विमानांची काय सोय आहे हे दोन मुद्दे आले असते तर हजारो घरांचा निर्णय सोपा झाला असता. नंतर भारतीयांना परत आणायची 'ऑपरेशन गंगा' ही मोहीम सुरू झाली तेव्हा तिच्यासाठी स्वतंत्र खाते उघडले गेले आणि पोलंड, रोमानिया, हंगेरी, स्लोव्हाकियाच्या सीमांवरचे मदत क्रमांक एका जागी मिळू लागले. ही रचना उत्तम होती. नेहमीच्या खात्यावर मंत्र्यांच्या भेटीगाठी चालू राहिल्या तरी अडकलेल्याला नेमके खाते बघता आले.

जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण युद्धाच्या वेळी तेहरानच्या दूतावासाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. सूचना एक्सवर आल्याच, शिवाय फक्त इराणमध्ये असलेल्या भारतीयांसाठी टेलिग्राम चॅनेलचा दुवा दिला आणि तो बाहेरच्यांनी वापरू नये असे स्पष्ट लिहिले. हे बरोबर होते. एक्सवर जगभरातले लोक उत्तरांत वाद घालतात, त्यात खरी विचारणा हरवते. टेलिग्रामवर संदेश क्रमाने येतात, जुना वर सरकतो, नवा खाली दिसतो. पण इथे आपल्याकडचे नातेवाईक एक चूक करतात. दुवा मिळाला की मामा, काका, शेजारी सगळे त्यात शिरतात. असे करू नये. मुलाला आत राहू द्यावे आणि त्याने घरी दर काही तासांनी एक संदेश टाकावा, एवढे पुरते.

मे २०२४ मध्ये किरगिझस्तानात बिश्केकला परदेशी विद्यार्थ्यांवर जमाव चालून गेला तेव्हा भारतीय दूतावासाने परिस्थिती सध्या शांत आहे, घरात थांबा, आणि चोवीस तासांचा क्रमांक असा तीन ओळींचा मजकूर टाकला. मजकूर पुरेसा होता. त्याच वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र भलतेच व्हिडिओ फिरत होते. अशा वेळी दूतावासाची पोस्ट किती वाजताची आहे हे बघावे. पोस्टवर बोट ठेवून उघडली की खाली तारीख आणि वेळ दिसते, आणि ती आपल्या फोनच्या वेळेत दिसते, त्या देशाच्या नाही. मजकुरातली वेळ त्या देशाची, खालची वेळ आपली. दोन्ही एकत्र वाचायची सवय लावून घ्यावी.

आखात: खात्याने काय होते, काय होत नाही

मराठवाड्यातून आखातात जाणारा माणूस बहुधा बांधकाम, वाहनचालन, हॉटेल किंवा घरकामात असतो. त्याच्या अडचणी ठरलेल्या: पगार थकला, कफीलने (तिथल्या मालकाने) पासपोर्ट ठेवून घेतला, इकामा नूतन केला नाही, किंवा हुरूब लावला, म्हणजे मालकाने तो पळून गेल्याची नोंद सरकारदरबारी केली. या सगळ्यांत दूतावासाच्या एक्स खात्याला खालून उत्तर देऊन "साहेब मदत करा" असे लिहिले जाते, आणि बहुतेक वेळा उत्तर येते ते एकाच साच्यातले: तपशील ईमेलवर पाठवा. लोकांना हा टाळाटाळीचा प्रकार वाटतो. तसे नसते. उघड पोस्टवर दूतावास कोणाच्या मालकाविषयी बोलू शकत नाही. काम पुढे जाते ते तक्रार नोंदवून.

त्यासाठी 'मदद' हे पोर्टल २०१५ पासून आहे. घरचा माणूस भारतातून तक्रार घालू शकतो. आधी मोबाइल आणि ईमेल देऊन नोंदणी, मग तक्रारीचा प्रकार निवडायचा, देश आणि दूतावास निवडायचा, अडचणीतल्या माणसाचा पासपोर्ट क्रमांक घालायचा, कागद जोडायचे. कागदांत पासपोर्टचे पहिले आणि शेवटचे पान, इकाम्याची किंवा सिव्हिल आयडीची प्रत, कराराचे पान, कंपनीचे नाव इंग्रजीत आणि जमले तर अरबीत, कामाच्या जागेचा नकाशावरचा ठिपका. तक्रार गेली की क्रमांक मिळतो, आणि ठरलेल्या वेळेत काही झाले नाही तर ती आपोआप वरच्या अधिकाऱ्याकडे सरकते. हा क्रमांक मिळाल्यावर एक्सवर लिहावे. आणि लिहिताना एवढेच लिहावे: शहर, अडचणीचा प्रकार, किती महिन्यांचा पगार, मददचा क्रमांक. पासपोर्ट क्रमांक, फोन, इकामा क्रमांक उघड पोस्टमध्ये कधीही टाकू नयेत. ते टाकले की तासाभरात "दूतावासातून बोलतोय, फी भरा" असे फोन येतात. दूतावास असल्या मदतीसाठी गुगल पे वर पैसे मागत नाही.

कुठे फसते तेही सांगायला हवे. पगाराच्या वादात दूतावास निकाल देत नाही. तो निकाल त्या देशाचा कामगार विभाग आणि न्यायालय देते. दूतावास दुभाषा, वकिलांची यादी, कंपनीला फोन, एवढे करू शकतो. सौदीत नोकरीचा संबंध संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. खूप जण मालक "पुढच्या महिन्यात देतो" म्हणतो म्हणून थांबतात आणि मुदत हुकवतात. दूतावासांच्या खात्यांवर ही मुदत ठळकपणे, दर महिन्याला, वरच पिन करून असायला हवी. तशी ती दिसत नाही. पिन केलेली पोस्ट बहुधा एखाद्या भेटीची किंवा समारंभाची असते. माझ्या मते आखातातल्या आपल्या दूतावासांच्या खात्यांचा हा सर्वांत मोठा दोष आहे, आणि तो सुधारायला एक पैसा लागत नाही.

सुट्टीचे गणितही लक्षात ठेवावे. सौदी, कुवेत, कतार, ओमानमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, रविवारी कार्यालये चालू. संयुक्त अरब अमिरातीत जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आहे आणि शुक्रवारी अर्धा दिवस. सौदी आणि कुवेतची घड्याळे आपल्यापेक्षा अडीच तास मागे, दुबईची दीड तास. सौदीच्या दूतावासाला शुक्रवारी सकाळी दहाला लिहिले तर तिथे साडेसात वाजलेले असतात आणि ते कार्यालय उघडणार रविवारी. उत्तर आले नाही म्हणून शनिवारी वीस जणांना टॅग करून काही साधत नाही. जिवावरचे काम असेल तर आपत्कालीन क्रमांक लावावा, तो सुट्टीतही चालतो. दुबईत भारतीयांसाठीचा मदत क्रमांक ८०० ४६३४२ आहे, तिथून लावायचा, फुकट आहे. भारतातून प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री क्रमांक १८०० ११ ३०९०.

आता कौतुकाची बाजू. १२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगाफमधल्या कामगारांच्या इमारतीला आग लागली तेव्हा दूतावासाने त्याच दिवशी एक्सवर आपत्कालीन क्रमांक दिला. दूरदेशी माणूस असलेल्या घराला त्या वेळी एकच प्रश्न असतो, नाव यादीत आहे का. तो विचारायला एक अधिकृत क्रमांक असणे हीच मोठी गोष्ट. त्याच वर्षी अमिरातीने १ सप्टेंबरपासून व्हिसा संपलेल्यांना माफी योजना दिली, पुढे ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासाने आपत्कालीन प्रमाणपत्रासाठी अर्ज कुठे करायचा, कुठल्या केंद्रावर, कागद कधी मिळणार हे सविस्तर टाकले. पासपोर्ट कफीलकडे अडकलेल्यासाठी हेच कागद घरी परतायचे तिकीट असते. अशा पोस्टची खरी किंमत मुदतीत असते, म्हणून मुदत वाढली की जुन्या पोस्टवर नवा दुवा जोडायला हवा. ते अनेकदा राहून जाते, आणि गावाकडे जुनी तारीख असलेला स्क्रीनशॉटच फिरत राहतो.

माणूस दगावला असेल तर खात्यावर लिहून थांबू नये. मृतदेह भारतात आणायचा की तिथेच अंत्यविधी करायचा याचे वारसांचे संमतीपत्र लागते, त्याचा नमुना बहुतेक दूतावासांच्या संकेतस्थळावर असतो. मालक खर्च करत नसेल तर भारतीय समुदाय कल्याण निधीतून मदत मिळू शकते, हे वाक्य अर्जात स्पष्ट लिहून मागावे. न मागता ते क्वचितच मिळते.

जाण्याआधीची तपासणी दूतावासांची खाती वारंवार सांगतात आणि लोक वारंवार ओलांडून जातात. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर (परवानगी घेऊनच जायचे अशी नोंद) असतो आणि त्याला १८ देशांत नोकरीला जायला ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावरून परवानगी लागते. एजंट नोंदणीकृत आहे का हे त्याच संकेतस्थळावर नाव किंवा परवाना क्रमांक घालून दिसते. नोंदणीकृत एजंटाला ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये, यापेक्षा जास्त घेता येत नाहीत. पावती घ्यावी. प्रवासी भारतीय विमा योजनेत १० लाखांचे अपघाती संरक्षण दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये अधिक कर एवढ्यात मिळते. हैदराबाद किंवा मुंबईचा उपएजंट "आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून देतो" म्हणाला तर तिथेच थांबावे. व्हिजिट व्हिसावर गेलेल्याची ई-मायग्रेटमध्ये नोंदच नसते, मग करारही नसतो आणि विमाही.

थायलंडमार्गे म्यानमार, शिवाय कंबोडिया आणि लाओस, इथल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांबद्दल आपले दूतावास २०२२ पासून इशारे देत आहेत. "डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह" अशा नावाच्या नोकऱ्या, चांगला पगार, टायपिंगची परीक्षा, फोनवर मुलाखत. या इशाऱ्यांचा मजकूर चांगला आहे. पण तो इंग्रजीत, चित्राच्या रूपात असतो. चित्रातले शब्द शोधात सापडत नाहीत. छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या मुलाने त्या कंपनीचे नाव किंवा पदाचे नाव शोधले तरी दूतावासाची पोस्ट वर येत नाही, एजंटाचीच जाहिरात येते. मजकूर चित्राऐवजी अक्षरांत टाकला तर हे सुटेल.

खाते खरे की खोटे, आणि ताजे दिसावे कसे

एक्सवर निळी खूण आता पैसे भरून मिळते. सरकारी खात्याला राखाडी खूण असते. तीही पाहावी, पण तिच्यावर थांबू नये. खात्री करायची सरळ पद्धत अशी: परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून भारतीय दूतावासांची यादी उघडावी, तिथून त्या दूतावासाच्या संकेतस्थळावर जावे, आणि तिथल्या चिन्हावरून खात्यावर. भारतीय दूतावासांच्या पत्त्याचा शेवट जीओव्ही डॉट इन असा असतो. डॉट ओआरजी किंवा डॉट कॉमवर दूतावासाचे नाव दिसले की बोट मागे घ्यावे.

एक बारीक पण फार त्रासाची गोष्ट. एक्सवर लॉगिन न करता दूतावासाचे खाते उघडले तर पोस्ट तारखेच्या क्रमाने दिसत नाहीत, जास्त पसंती मिळालेल्या जुन्या पोस्ट वर येतात. गेवराईतल्या एखाद्या बापाने ब्राउझरमध्ये खाते उघडले तर त्याला दोन-तीन वर्षांपूर्वीची सूचना पहिली दिसू शकते, आणि ती आजची समजून तो घाबरतो. उपाय सोपा आहे: खाते उघडून लॉगिन करावे, दूतावासाला फॉलो करावे आणि खात्यावरची घंटी दाबून सर्व पोस्ट निवडाव्यात. फेसबुकवर पेज लाइक करून भागत नाही. तिथे पोस्ट कधी दिसेल हे फेसबुक ठरवते आणि काही वेळा दोन दिवसांनी दिसते. तिथे फॉलोच्या सेटिंगमध्ये फेव्हरिट्स निवडावे. इन्स्टाग्राम संकटासाठी निरुपयोगी, कारण स्टोरी २४ तासांनी जाते आणि पोस्टमधला दुवा दाबता येत नाही.

आपल्याकडचे परकीय दूतावास

अमेरिकेच्या दूतावासाचे आणि मुंबईच्या वाणिज्य दूतावासाचे खाते गोड बोलत नाही, पण अर्थाची शंका ठेवत नाही. २३ जून २०२५ ला त्यांनी सांगितले की एफ, एम आणि जे (विद्यार्थी आणि देवाणघेवाण) व्हिसाच्या अर्जदारांनी आपल्या सर्व सोशल मीडिया खात्यांची गोपनीयता 'सार्वजनिक' करावी. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात मागच्या पाच वर्षांतली खात्यांची नावे २०१९ पासून मागितली जात आहेतच. त्यामुळे संभाजीनगर किंवा लातूरच्या विद्यार्थ्याने अर्ज भरण्याआधी बसून यादी करावी: इन्स्टाग्रामचे दुसरे खाते, बंद पडलेले फेसबुक, यूट्यूब, लिंक्डइन, सगळे. अर्जाच्या आठवड्यात खाते पुसून टाकणे हा सल्ला काही सल्लागार देतात. तो वाईट आहे. खाते होते, आणि ते अर्जात लिहिले नाही, एवढे कळले की चुकीची माहिती दिल्याचा ठपका येतो. मार्च २०२५ मध्ये याच खात्याने सांगितले की बॉट वापरून घेतलेल्या सुमारे २,००० मुलाखतीच्या वेळा रद्द केल्या. टेलिग्रामवर "स्लॉट काढून देतो" म्हणून पाच-दहा हजार घेणाऱ्यांकडे जाणाऱ्यांनी ही पोस्ट जपून ठेवावी. व्हिसाची फी १८५ डॉलर दूतावासाला, वेळ स्वतः काढायची. गोंधळ एकच: मुलाखतीची वेळ घ्यायचे त्यांचे खरे संकेतस्थळ डॉट कॉमवर आहे, म्हणून तिथे दूतावासाच्या मुख्य संकेतस्थळावरूनच जावे, गुगलवर शोधून नाही.

जर्मनीचे खाते अभ्यासू माणसाला आवडेल असे आहे. भारतीय विद्यार्थ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागद तपासल्याचा दाखला) लागते, फी १८ हजार रुपये, आणि ते हातात असल्याशिवाय विद्यार्थी व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही. 'चान्सेनकार्टे' हा गुणांवरचा नोकरी शोधण्याचा व्हिसा १ जून २०२४ पासून आहे, त्यात किमान ६ गुण लागतात. या दोन्हींबद्दल त्यांची मांडणी पायरी पायरीची असते. महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केल्यापासून आपल्याकडे आयटीआय आणि नर्सिंगवाल्या मुलांची विचारणा वाढली आहे. त्यांना मात्र हे खाते कमी पडते. पदवी शिक्षणावर भर आहे, तारतंत्री, प्लंबर, परिचारिका यांच्या पात्रतेच्या मान्यतेवर फारच थोडे. कुठल्या व्यवसायाला आधी मान्यता लागते आणि भाषेची कुठली पातळी, याचा एक तक्ता हिंदी-मराठीत आला तर लातूरच्या आणि जालन्याच्या आयटीआयमध्ये तो भिंतीवर लागेल.

जपानचे तेव्हाचे राजदूत हिरोशी सुझुकी यांनी जून २०२३ मध्ये पुण्यात पत्नीसोबत वडापाव आणि मिसळ खाल्ली, व्हिडिओ टाकला, तिखट जरा कमी असावे असे लिहिले, आणि महाराष्ट्राने त्यांना आपलेसे केले. जनराजनय म्हणून ते अस्सल होते, कारण त्यात भाषण नव्हते. पण मराठवाड्याशी जपानचे नाते मिसळीच्या आधीचे आहे. अजिंठा-वेरूळच्या संवर्धनाला आणि पर्यटन विकासाला जपानी कर्जसाहाय्य १९९० च्या दशकापासून मिळाले आहे. अजिंठ्याला येणारा जपानी बौद्ध यात्रेकरू आपल्या वाटाड्यांना, हॉटेलवाल्यांना ओळखीचा आहे. या नात्यावर त्या खात्याने सातत्याने काही केलेले दिसत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीची आणि 'स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर' या कुशल कामगारांच्या व्हिसा योजनेची माहिती खाद्यपदार्थांच्या व्हिडिओंत बुडते. या योजनेत वृद्धसेवेच्या कामाला कौशल्य परीक्षा, वृद्धसेवेच्या जपानीची वेगळी परीक्षा आणि एन४ किंवा जेएफटी-बेसिक ही जपानी भाषेची परीक्षा लागते. नर्सिंगच्या मुलींनी याची तयारी जरूर करावी. मेक्स्टची घोषणा साधारण उन्हाळ्याच्या सुरुवातीला येते आणि मुदत थोडी असते, म्हणून मार्चपासूनच खाते आणि दूतावासाचे संकेतस्थळ दोन्ही बघत राहावे.

व्यापाराची बाजू, थोडक्यात

आपले दूतावास भारतीय आंबा, कापड, भौगोलिक मानांकनाची उत्पादने यांचे फोटो टाकतात. मराठवाडा केसर, जालन्याची मोसंबी, बीडचे सीताफळ यांना मानांकन आहे. पण फोटो पाहून कंटेनर जात नाही. उत्पादक कंपनीने फोटोखाली लिहिण्याऐवजी त्या दूतावासाच्या वाणिज्य विभागाला ईमेल करावा: उत्पादन, दर हंगामातले टन, अपेडाची (शेतमाल निर्यात प्राधिकरणाची) नोंदणी, आयईसी (आयात-निर्यात) क्रमांक, प्रक्रिया केंद्राची मान्यता. खरेदीदारांची यादी मागावी. उत्तर येते, आणि ते फुकट असते.

राहिलेली मोठी उणीव

आखातातल्या दूतावासांच्या खात्यांवर मराठी दिसते ती शुभेच्छांत. कामगारांच्या सूचनेत मराठी शोधून सापडत नाही. हिंदी येते म्हणून चालते, असे म्हणणाऱ्यांनी किनवटच्या किंवा पाथरीच्या आईला "हुरूब हटवण्यासाठी अर्ज" याचा इंग्रजी मजकूर वाचून दाखवावा. सगळे भाषांतर मागत नाही कोणी. माफी योजनेची मुदत, कामगार दाव्याची मुदत, मृत्यूनंतरचे कागद, आपत्कालीन क्रमांक, मददचा दुवा, या पाच गोष्टींचे मराठी पान प्रत्येक दूतावासाने एकदा तयार करून पिन करावे. महाराष्ट्र मंडळे त्या देशांत आहेत, ती भाषा तपासून देतील. राज्य सरकारच्या जिल्हा माहिती कार्यालयांनीही ती पोस्ट जशीच्या तशी, तारखेसह, आपल्या पानांवर उचलावी. तोपर्यंत गावातल्या सेतू केंद्रवाल्याने किंवा जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींनी निदान मददचे पोर्टल आणि १८०० ११ ३०९० हा क्रमांक सूचना फलकावर मराठीत लिहून ठेवावा.